उघडा तळ

सुजितच्या माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत वाळू नव्हती, आणि त्यावरून घरात कुरबुर चालायची. तो बोईसरच्या एका औषध कारखान्यात तपासणी विभागात होता. "प्रवाळाला वाळू लागत नाही," तो बायकोला सांगायचा. "वाळूत घाण साचते, पाणी बिघडतं. उघडी काच कशी पुसून काढता येते."

"मासे बिचकतात रे. त्यांना खाली काहीतरी हवं," अपेक्षा म्हणायची.

एका सोमवारी कामावरून आल्यावर त्याला टाकीच्या कोपऱ्यात चिमूटभर वाळू दिसली. दुकानात मिळते तशी पांढरी नव्हे. काळपट, केळव्याच्या किनाऱ्यावर असते तशी. आदल्याच दिवशी दोघं केळव्याला जाऊन आली होती.

"मी नाही टाकली," अपेक्षा म्हणाली.

त्यानं नळीनं ती ओढून काढली. दुसऱ्या संध्याकाळी मूठभर वाळू होती. भांडी घासायला येणाऱ्या काशीबाईंना विचारलं, तर त्या फणकारल्या. "मी भांडी घासाला येते, साहेब. तुमच्या माशांशी माजं काय काम हाय?"

मग उरली अपेक्षाच. त्यानं तिच्या चपला झटकून पाहिल्या, तिची पर्स उलटी केली. टाकीच्या झाकणाला कुलूप लावून किल्ली खिशात घातली आणि कामावर गेला. परतला तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं. आत वाळूचा थर बोटभर जाड झाला होता, आणि मासे त्यावर निवांत टेकले होते.

"दुसरी किल्ली कुठे लपवलीस?"

अपेक्षानं बॅग भरली आणि कोरेगावला माहेरी निघून गेली.

रविवारी सकाळी थर वीतभर झाला होता. प्रवाळं निम्मी गाडली गेली होती. दार आतून बंद, घरात तो एकटा. आता संशय घ्यायला कुणी उरलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. एका हातानं नळी वाळूत खुपसून त्यानं दुसऱ्या हातानं अपेक्षाला फोन लावला.

"चुकलो मी. तू नव्हतीस."

"पटलं ना? बरं झालं." तिचा आवाज थकलेला होता.

नळीतून वाळू सरसर बादलीत उतरत होती.

"सुजित, तू आत्ता काय करतोयस?"

"काही नाही. बोलतोय तुझ्याशी."

"थांबव ते."

"काय?"

"जे करतोयस ते. मी इथे आईच्या स्वयंपाकघरात उभी आहे. फरशीवर. पायाखालून वाळू ओढली जावी तसे पाय खचतायत माझे."

त्यानं नळी वर उचलली.

पलीकडे अपेक्षानं श्वास घेतला. पाण्याबाहेर डोकं काढल्यावर घेतात तसा.