घाणेरीतली हाक

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. मी स्वतः त्या रस्त्यावर होतो, म्हणून सांगतोय.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. रविवारची सकाळ, साडेसात. हुणसूरच्या पुढचं जंगल.

मी दिगंबर. मूळचा सांगलीचा, सहा वर्षं म्हैसूरला. सोबत प्राणेश, माझ्याच कंपनीतला. त्याचं घराणं मराठी, पण चार पिढ्या इथलंच. आदल्या रात्री आम्ही जंगलाबाहेर एका कॉफीच्या मळ्यात तंबू ठोकला होता. उजाडल्यावर सायकली काढल्या.

नाक्यावरचा वनरक्षक कन्नडमध्ये बराच वेळ बोलला. प्राणेशने मला एवढंच सांगितलं, "मध्ये कुठे थांबायचं नाही म्हणतो."

पहिले पाच किलोमीटर मजेत गेले.

मग पक्षी गप्प झाले.

एकदम... सगळेच.

आपण इथे नको आहोत, असं वाटायला लागलं. का, ते सांगता येणार नाही.

प्राणेश पन्नासेक पावलं पुढे होता. अचानक त्याने सायकल टाकली आणि तो घाणेरीच्या झुडपांत घुसला.

"अरे, हत्ती असतील आत!"

मी धावत जाऊन त्याची सॅक धरली. तो वळला. चेहरा पांढराफटक.

"अय्यो... तू इथे कसा? आत पडलायस ना रे? पाय मोडला म्हणून ओरडत होतास!"

"मी तुझ्या मागेच होतो."

तेवढ्यात आतून हाक आली...

"प्राणेश, सोडून जाऊ नकोस रे!"

माझा आवाज. हेलसुद्धा माझाच.

आणि माझं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

झुडपं हलली... आमच्या दिशेने.

सायकली उचलल्या आणि सुटलो. मागून माझं रडणं येत होतं. कितीही जोर लावला तरी तेवढ्याच जवळून. पलीकडचा नाका दिसला, तेव्हा थांबलं.

आठवडाभर प्राणेश माझ्याशी बोलला नाही. मग एकदा कँटीनमध्ये समोर येऊन बसला.

"तुझ्या बहिणीचं नाव काय?"

"जानकी. का रे?"

"काही नाही."

तेव्हापासून तो असंच काहीतरी विचारतो. शाळा कुठली, आजोळ कुठलं. मी हसून उत्तरं देतो.

गेल्या शुक्रवारी त्याने विचारलं, "सांगलीत तुमच्या दारासमोर कसलं झाड होतं?"

मी तोंड उघडलं...

झाड होतं, एवढं नक्की. कसलं, ते मला आठवेना.

प्राणेश ताट तसंच ठेवून उठून गेला.