नदीत फक्त चार नर

"चार," रेश्माआत्या म्हणाली आणि तिने ओले हात पदराला पुसले.

"एकतीस," बगळा म्हणाला.

समोर हाप्यात, म्हणजे तळ्यात बांधलेल्या कापडी जाळीच्या पेटीत, साठ रोहू मासे फिरत होते. सगळे तांबजाई नदीतून, घाटाखालून कालच पकडून आणलेले. त्यांत नर किती आणि माद्या किती, एवढाच प्रश्न होता. उत्तरं मात्र दोन आली होती.

बारा वर्षांच्या जुईने आधी आत्याकडे पाहिलं, मग बगळ्याकडे. बगळा हा मत्स्यबीज केंद्रात आलेला नवा यंत्रमानव. दोन लांब पाय, पांढरं अंग आणि चोचीच्या जागी सुई. माशाच्या शेपटीजवळ हलकेच टोचून तो रक्ताचा एक थेंब घ्यायचा आणि त्यातली गुणसूत्रं (पेशीतले अतिसूक्ष्म धागे, ज्यांत जिवाची जन्मजात माहिती असते) वाचायचा. आत्याची पद्धत जुनी होती. अंडी घालायच्या हंगामात नर रोहूच्या छातीजवळचा पर खरखरीत होतो, मांजराच्या जिभेसारखा. मादीचा पर गुळगुळीतच राहतो. आत्या परावरून अंगठा फिरवायची आणि सांगायची. सव्वीस वर्षं ती हेच काम करत होती, आणि गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी जुई तिच्याजवळ बसून शिकत होती.

केंद्राचे प्रमुख कुंभोजकर साहेब घसा खाकरून म्हणाले, "रेश्माताई, सत्तावीस माशांचा फरक पडतोय. राग मानू नका, पण माणसाचा हात थकतो. सोमवारपासून निवड बगळा करेल. तुम्ही खाद्याच्या गोदामात बसा."

"गोदामात बसायला मी काय पोतं आहे?" आत्या म्हणाली. "साहेब, या माशांची पोटं दाबून बघा. नराच्या पोटातून दुधासारखं पांढरं यायला हवं. थेंब येत नाही. तुमच्या बगळ्याला म्हणावं, ह्या एकतिसांकडून अंडी फळवून दाखव."

"आत्याचा हात चुकत नाही!" जुई मध्येच ओरडली.

"मग यंत्र चुकलं म्हणतेस?" साहेबांनी विचारलं.

दिवस गुरुवारचा होता. सोमवारला चारच दिवस उरले होते.

दुपारी बगळा तळ्याच्या काठावर उन्हात उभा राहून स्वतःला चार्ज करत होता. जुई त्याच्यासमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ए बगळ्या, खरं सांग. चुकलास ना?"

"तीनदा तपासलं. एकतीस."

"म्हणजे माझी आत्या खोटारडी?"

"असं मी म्हणालो नाही. मला विचारलं होतं, जन्माने नर किती. आत्या अंगठ्याने शोधतात, नरासारखे वाढलेले किती. हे दोन प्रश्न वेगळे आहेत."

जुई खालीच बसली. इतका वेळ दोघांपैकी कोण चुकलं तेच सगळे शोधत होते. "म्हणजे दोघांचंही खरं असू शकतं?"

"असू शकतं. पण मग एक अवघड प्रश्न उरतो. जन्माने नर असलेल्या माशाचा पर खरखरीत का झाला नाही?"

"तो खरखरीत होतो तरी कशामुळे?"

"संप्रेरकामुळे. संप्रेरक म्हणजे शरीरात एका जागेहून दुसऱ्या जागी निरोप नेणारं रसायन. हंगाम आला की नराच्या शरीरात एक निरोप सुटतो आणि पर खरखरीत होतो. मादीच्या शरीरात दुसरा निरोप सुटतो आणि अंडी भरू लागतात. गेल्या वर्षी तू शाळेची घंटा वाजवली होतीस ना?"

जुई लाजली. "तुला कोणी सांगितलं?"

"आत्यांनी. तीनदा. तू अकरा वाजताच घंटा वाजवलीस, तेव्हा काय झालं?"

"अख्खी शाळा दप्तरं घेऊन पळाली."

"घंटा शिपायाने वाजवली की तू, हे कोणी बघितलं नाही. पेशीही बघत नाही. काही रसायनांचा आकार मादीच्या संप्रेरकाशी जुळतो. ती पाण्यातून कल्ल्यांवाटे माशाच्या रक्तात शिरतात आणि खोटी घंटा वाजवतात. नराच्या शरीराला वाटतं, निरोप आला. मग नराचा खरा निरोप मागे पडतो."

"हे नुसतं सांगून साहेब ऐकायचे नाहीत. दाखवता येईल?"

बगळ्याने मान वाकडी केली. "अंड्यातला पिवळा बलक कुठे तयार होतो?"

"अंड्यातच की."

"नाही. माशाच्या यकृतात. तिथे व्हायटेलोजेनिन नावाचं प्रथिन बनतं, ते रक्तातून अंड्यांपर्यंत जातं आणि त्याचा बलक होतो. हे प्रथिन बनवायची सोय नराच्या यकृतातही असते, पण ती जवळजवळ जन्मभर बंद राहते. मादीच्या संप्रेरकाची घंटा झाली तरच सुरू होते."

जुई ताडकन उठली. "मग नराच्या रक्तात बलकाचं प्रथिन सापडलं तर?"

"तर कोणीतरी खोटी घंटा वाजवली आहे."

"रक्त आहे ना तुझ्याकडे? बघ की मग! उभा काय राहिलास?"

"चार्ज होतोय," बगळा म्हणाला. पण त्याने सकाळचे थेंब बाहेर काढले. अर्ध्या तासाने तो म्हणाला, "गुळगुळीत पर असलेले सत्तावीस नर. त्यांतल्या पंचवीस जणांच्या रक्तात बलकाचं प्रथिन भरपूर आहे. उरलेल्या दोघांचं कारण मला माहीत नाही."

आता खोटी घंटा येत होती कुठून? घाटावर पाणी तपासणारा खांब होता आणि त्याचा दिवा बारा महिने हिरवा असायचा. तो पाण्यातला प्राणवायू, आम्लता आणि गढूळपणा मोजायचा. त्याला तेवढंच शिकवलं होतं. घाटाच्या थोडं वर, कपडे धुणाऱ्या एका कारखान्याचा नाला नदीला मिळायचा. तिथल्या साबणातली काही द्रव्यं पाण्यात मोडली की अशी तोतया संप्रेरकं तयार होतात, असं बगळ्याने सांगितलं. दहा हजार लिटरच्या दहा टँकरमध्ये मिळून एक ग्रॅम, एवढ्यानेही माशाचं शरीर फसू शकतं. डोळ्याला पाणी स्वच्छच दिसतं.

"मग नाल्याच्या वरचे मासे बरे असायला हवेत," आत्या म्हणाली आणि जाळं खांद्यावर टाकून निघालीसुद्धा.

रविवारी सकाळी ती कुंभोजकर साहेबांसमोर उभी राहिली. "वीस मासे आहेत. सगळे जन्माने नर, बगळ्याने तपासलेले. दहा नाल्याच्या वरचे, दहा खालचे. कुठला कुठला ते जुईला कळायला नको, मलाही नको. तुम्ही स्वतः नंबर घाला, वहीत लिहा आणि मग मिसळा. माझे डोळे बांधा."

"याची काय गरज आहे, ताई?"

"गरज मला आहे. हात थकला म्हणालात ना?"

साहेबांनी नंबर घालून मासे मिसळले. जुईने आत्याच्या डोळ्यांवर गमछा बांधला. ओल्या फडक्यावर एकेक मासा येत गेला आणि आत्याचा अंगठा परावरून फिरत गेला. "खरखरीत. गुळगुळीत. गुळगुळीत. खरखरीत. हा गुळगुळीत, पण हा अजून पोर आहे हो. पुढचा द्या."

पलीकडे बगळा प्रत्येकाचं रक्त तपासत होता. शेवटी साहेबांनी वही उघडली. वरच्या दहापैकी नऊ नरांचे पर खरखरीत होते. दहावा, आत्याने पोर म्हटलेला, बगळ्याच्या हिशेबाने जेमतेम दीड वर्षाचा निघाला. खालच्या दहापैकी एकच खरखरीत होता. बाकीच्या नऊही जणांच्या रक्तात बलकाचं प्रथिन होतं.

साहेबांनी वही मिटली. मग म्हणाले, "रेश्माताई, गोदामाचं मी बोललो ते विसरा."

"नाही विसरणार," आत्या गमछा सोडत म्हणाली. "नाल्याचं काय करताय?"

साहेबांनी वरिष्ठांना आणि कारखान्याला कळवलं. आठ दिवसांनी कारखान्याचं उत्तर आलं : घाटावरचा दिवा हिरवा आहे, तेव्हा पाणी शुद्ध आहे.

मधल्या काळात नाल्याच्या वरच्या डोहातले नर वापरून अंडी फळवली गेली. दोन महिन्यांत पिल्लं वाढून बोटाएवढी झाली. ही बोटुकली दरवर्षी घाटावरून नदीत सोडायची असतात. ठरल्या दिवशी माणसं जमली, पाहुणे आले. आत्या प्राणवायू भरलेली पहिली पिशवी उराशी धरून पाण्याच्या कडेला गेली आणि थांबली.

"ही पोरं मी वाढवलीत. या पाण्यात मी सोडणार नाही."

"ताई, पाहुणे थांबलेत," साहेब कुजबुजले.

"थांबू देत. त्यांनाही ऐकू द्या."

जुईने खांबावर एक पाटी अडकवली. रात्रभर जागून नव्हे, आदल्या दुपारी बगळ्याशी भांडून तिने ती लिहिली होती. बगळ्याला तीत तीन आकडे हवे होते. जुईने एकही घातला नाही. पाटीवर होतं : "हा दिवा खोटं बोलत नाही. त्याला मासे कसे आहेत हे कोणी विचारलंच नाही. आता आम्ही विचारतोय."

मग सगळ्या पिशव्या टेम्पोत चढल्या आणि बोटुकली चार किलोमीटर वर, नाल्याच्या पलीकडच्या डोहात सोडली गेली. घाटावर पाहुणे आणि हिरवा दिवा एवढेच उरले. पाटीसकट त्या घाटाचा फोटो सगळीकडे गेला, आणि त्याच्यामागोमाग साहेबांची वही. या वेळी साहेबांनी ती स्वतःच पाठवली. दिवाळीआधी कारखान्याला साबण बदलावा लागला आणि नाल्यावर कोळशाची गाळणी बसवावी लागली.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा साठ रोहू हाप्यात फिरत होते, घाटाखालच्या नदीतले. या वेळी आत्या बाजूला बसली आणि परांवरून जुईचा अंगठा फिरला. पहिल्याच माशाला तो अडखळला. मांजराची जीभ!

"बगळ्या, जन्माने नर किती?"

"अठ्ठावीस."

"माझ्या हाताने अकरा."

साहेबांनी फळ्यावर दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहिले. घाटावरच्या खांबालाही आता एक नवी नळी जोडली होती, तोतया संप्रेरकं शोधणारी. तिचा दिवा अजून पिवळाच होता.

"चाराचे अकरा झाले," आत्या म्हणाली. "वाईट नाही."

"आणि उरलेले सतरा?" जुईने हात पुसले, जाळं उचललं आणि नदीच्या दिशेने बघितलं. "घाटाखाली आणखी एक नाला आहे. चल बगळ्या, उन्हात उभा राहू नकोस."