निकिप्पाचा दगड

ग्रीसमधल्या मेस्सेनीच्या जुन्या वेशीत, भर रस्त्यात, एक माणूस पालथा पडला होता.

अर्गिरोने करकचून ब्रेक दाबला. मागे ऑलिव्हची पोती एकमेकांवर आदळली. डोंगर उतरून येणारा डांबरी रस्ता अजूनही त्या प्राचीन वेशीतूनच जातो, आणि तिथे मेंढ्या आडव्या येणं तिच्या सवयीचं होतं. माणूस आडवा येणं नव्हतं.

"अहो! जिवंत आहात ना?"

"एक मिनिट... चार मीटर... बासष्ट," मान वर न करता तो पुटपुटला. हातात मोजपट्टी होती. "हं. आहे जिवंत."

"मग उठा. तेवीसशे वर्षं गाड्या गेल्यात इथून, माझीही जाऊ द्या."

"तेवीसशे चौसष्ट." तो उठला. नाकाच्या शेंड्याला माती लागली होती. "म्हणजे... नक्की सांगायचं तर."

"दगडांचं वय पाठ, पण समोरून गाडी येतेय ते कळत नाही!"

"दगड हॉर्न वाजवत नाहीत ना," तो म्हणाला आणि हसला. तेवढ्यात पाऊस आला. दोघांनी एकदम वर पाहिलं, मग एकमेकांकडे. अर्गिरोने शेजारचं दार ढकलून दिलं.

त्याचं नाव प्रोद्रोमोस. थेस्सलोनिकीहून आला होता. प्राचीन कोरीव लेखांवर प्रबंध लिहीत होता. अवशेषांच्या वर, डोंगराच्या कुशीत वसलेल्या मावरोमाती गावात त्याने खोली घेतली, आणि आठवड्याभरात सगळं गाव त्याला 'पट्टीवाला' म्हणू लागलं. अर्गिरो पंचवीसची होती. आई नव्हती. वडील पानागोस कंबरेने अधू झालेले, त्यामुळे ऑलिव्हची बाग तीच सांभाळायची. आता ऐन तोडणीच्या दिवसांत पट्टीवाला मोजमाप सोडून तिच्या बागेत फांद्या झोडपायला यायला लागला, तेव्हा बायकांना विषयच मिळाला.

"अगं अर्गिरो," शेजारची वासो मावशी ओरडायची, "झाडं मोजायला आलाय की तुला?"

"त्याला विचार ना मावशी!"

"झाडं झाली मोजून," प्रोद्रोमोस शिडीवरून शांतपणे सांगायचा. मग बागभर हशा, आणि अर्गिरोचे कान लाल.

एकदा तिच्या केसांत अडकलेलं पान काढायला त्याने हात पुढे केला आणि... मध्येच थांबवला. तसाच. अर्गिरो जागची हलली नाही. "काढा की," ती म्हणाली. "पान आहे. साप नाही."

त्याने पान काढलं. खिशात ठेवलं. तिने पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

दुपारी पाव आणि चीज खाताना तो तिला तिच्याच गावाची गोष्ट सांगायचा. इथले लोक कसे स्वतःच्याच जमिनीवर स्पार्टाचे गुलाम झाले, जे निसटले ते समुद्रापार कुठे कुठे पांगले, आणि पिढ्यांमागून पिढ्या गेल्यावर, स्पार्टा हरल्यावर, त्यांना परत बोलावलं तेव्हा पणतवंडांची पणतवंडं कशी परत आली.

"भिंत पंच्याऐंशी दिवसांत बांधली म्हणतात. विचार कर. ज्यांनी हे गाव डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं, ते इथे येऊन दगड उचलायला लागले." हे सांगताना तो 'तुम्ही'वरून 'तू'वर आला होता, आणि दोघांनीही ते हळूच चालवून घेतलं. "माझ्या आजीला लहानपणी तुर्कस्तानातल्या कप्पादोकियातून निघावं लागलं. मरेपर्यंत 'परत जाऊ' म्हणत होती. कुणीतरी कधीतरी खरंच परत गेलं होतं, एवढं मला बघायचंय."

"आणि ते कुठे लिहिलंय?"

"एका दगडावर. दोनशे वर्षांपूर्वी एका प्रवाशाने इथे पाहिला होता. पहिलीच ओळ उतरवली त्याने: 'निकिप्पा, परत आलेली...' मग अंधार पडला म्हणे. पुढे दगडच गायब. एका बाईने, अर्गिरो, एका साध्या बाईने कोरून घेतलेला! मी त्याच्यासाठीच आलोय."

अर्गिरोच्या हातातला पाव तसाच राहिला.

तो दगड तिच्या घरात होता. तळघरात, तेलाच्या मोठ्या रांजणाखाली. आजोबांच्या नांगराला बागेत लागला होता. लहानपणी त्याच्यावरून बोट फिरवत ती अक्षरं शिकली होती; अर्थ कळत नव्हता, पण निकिप्पाचं पहिलं अक्षर, ग्रीक 'नी', तिला शाळेआधी येत होतं. वडिलांनी तिच्याकडून शपथ घेतली होती. "हा दगड बाहेर पडला की बाग गेली समज, पोरी." खालच्या अंगाला पुरातत्त्व खात्याने प्राचीन स्टेडियम उकरून काढलं तेव्हा लांबियास म्हाताऱ्याची झाडं गेली होती. मोबदला रीतसर मिळाला. पण म्हातारा पुढे मरेपर्यंत कॉफीच्या दुकानात अवशेषांकडे पाठ करूनच बसला. पानागोसने ती पाठ रोज पाहिली होती.

नोव्हेंबरअखेर घाण्यावरून नवं तेल आलं. प्रथेप्रमाणे ज्यांनी हात लावला त्या सगळ्यांना भाजलेला पाव आणि त्यावर हिरवंगार तेल. पानागोसची कंबर त्या दिवशी फारच धरली होती.

"पट्टीवाले, तेवढे डबे तळघरात ठेवा हो," कुणीतरी म्हणालं, आणि अर्गिरो उठेपर्यंत तो दोन डबे घेऊन पायऱ्या उतरलाही होता.

दगडापुढे तिने पोती रचली होती. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तो वर आला तो हात झटकत. बसला, पाव खाल्ला, पानागोसला म्हणाला, "काका, असं तेल मी जन्मात चाखलं नाही." सगळं नेहमीसारखंच. फक्त जरा गप्प.

संध्याकाळी दोघं स्टेडियमच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. दगड ओले होते. त्याने आपला कोट अंथरला.

"अर्गिरो, तुला इथला दगड न् दगड माहीत आहे. माझा तो... निकिप्पाचा. कुठे पाहिलायस?"

तिने समोर पाहिलं. "नाही."

"घरात, गोठ्यात, कुणाच्या भिंतीत?"

"नाही म्हटलं ना."

"नक्की?"

"नक्की." आवाज स्थिर राहिला याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग नुसतंच "बरं," म्हणाला, आणि त्या एका शब्दात काहीतरी मिटलं. काय ते तिला कळलं नाही. तिला वाटलं, दगड नाही मिळाला म्हणून निराश झाला.

पुढच्या गुरुवारी तो बसने गेला. "पत्र लिहीन," म्हणाला. एक आलं. त्यात हवामान होतं, प्रबंधाचा विषय बदलल्याचं होतं, पानागोसकाकांना नमस्कार होता. उत्तर लिहायला ती तीन वेळा बसली. तिन्ही वेळा दगडापाशी येऊन अडली, आणि कागद चुलीत गेले.

चौदा वर्षं गेली. दोन स्थळं आली, परतली. पानागोस एका वसंतात झोपेतच गेला. चाळीस दिवसांचे विधी उरकले, आणि दुसऱ्या सकाळी अर्गिरो अवशेषांपाशी असलेल्या पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत गेली. "आमच्या तळघरात एक दगड आहे," ती म्हणाली.

माणसं आली, बागेत हिंडली, एक चर खणला. काही सापडलं नाही. दोन झाडं गेली. दोनच! बाकीची बाग जिथल्या तिथे.

जूनमध्ये लेख वाचायला थेस्सलोनिकीहून प्राध्यापक आले. गाडीतून उतरला तो प्रोद्रोमोस. केस विरळ झालेले, डोळ्यांवर चष्मा.

"पट्टीवाले," ती म्हणाली.

"अर्गिरो." तो हसला. हसणं मात्र तेच होतं.

हातातल्या दिव्याचा तिरपा उजेड अक्षरांवर धरून तो कितीतरी वेळ उकिडवा बसला होता. ती पायरीवर उभी.

"काय म्हणतेय?"

"'निकिप्पा, परत आलेली, लाओदामासची मुलगी...'" तो थांबला. "'...हिने आर्टेमिस देवीला एक मेंढी दिली.'"

"आणि?"

"संपलं."

"एक मेंढी?"

"एक मेंढी."

अर्गिरोला हसू फुटलं. त्यालाही. दोघं हसत सुटली, हसता हसता तिने भिंतीला हात टेकला, आणि मग त्याचं हसू आधी थांबलं.

"तुला सांगायचं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी पायऱ्यांवर. बाबांची शपथ होती. मला वाटलं बाग जाईल. खोटं बोलले मी तुझ्याशी."

"माहीत आहे."

"कचेरीत सांगितलं असेल कुणी."

"नाही. तेव्हापासून माहीत आहे." त्याने चष्मा काढला. "डबा ठेवताना पोतं सरकलं. पहिला शब्द दिसला. मी पोतं परत लावून वर आलो."

अर्गिरो पायरीवरून खाली उतरली.

"तू पाहिला होतास... तरी विचारलंस?"

"दगडासाठी नाही विचारलं. कुणाला सांगणारही नव्हतो, शपथेवर सांगतो. मला वाटलं, तू सांगितलंस तर... तर माझ्यावर तुझा तेवढा विश्वास आहे. मग मी दुसरं काही विचारणार होतो. कोटाच्या खिशात अंगठी होती. कालामाता शहरात जाऊन घेतलेली."

"म्हणजे परीक्षा घेत होतास माझी!"

"हो."

"आणि मी नापास झाले म्हणून बसमध्ये बसलास?"

"सव्वीस वर्षांचा होतो. मूर्ख होतो." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "बस कोरिंथला पोचायच्या आत चूक कळली होती. उतरायला हवं होतं."

"उतरायचंस ना रे!" ती जवळजवळ ओरडलीच. मग सावरली. त्याच्या बोटातलं लग्नाचं वळं तिने मघाशीच पाहिलं होतं. "मुलं?"

"दोन मुली. ...तू?"

"मी बाग केली."

वरून मदतनिसांनी हाक मारली; दगड उचलायची तयारी झाली होती. तो उठला, पण दारातच घुटमळला.

"अर्गिरो, मी दगडाचं सोडून सरळ ते दुसरं विचारलं असतं... तर?"

तिने त्याच्याकडे पाहिलं, अगदी सरळ. "त्या हिवाळ्यात मी तुझ्याशी एकदाच खोटं बोलले, प्रोद्रोमोस. बाकी सगळं खरं होतं. कुणालाही दिसलं असतं. वासो मावशीलाही दिसत होतं."

त्याने मान खाली घातली.

चार माणसांनी दगड घोंगड्यांत गुंडाळून गाडीत चढवला. तो पुढे बसला, काच खाली केली, आणि हात वर केला. गाडी उतार उतरून गेली.

अर्गिरो झाडू घेऊन तळघरात आली. जागा साफ करायलाच हवी होती. झाडता झाडता ती मध्येच खाली बसली, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. वर अंगणात वासो मावशी आली होती. तिने रडणं ऐकलं, दार हळूच ओढून घेतलं, आणि कुणी खाली जाऊ नये म्हणून उंबऱ्यावर बसून राहिली.