गार हातांचा रविवार

विल्बर्टची आणि माझी ओळख एका घरंगळत्या संत्र्याने करून दिली.

आमच्या गावच्या सेनोतेवर, म्हणजे जमीन खचून झालेल्या त्या गोल निळ्या डोहावर, लाइफ जॅकेटं वाटायला तो नवा आला होता. पहिल्याच सकाळी त्याची पिशवी फाटली. एक संत्रं टुणटुण उड्या मारत दगडी पायऱ्यांवरून खाली गेलं आणि... डुबुक!

तो आपला वरून बघतच राहिला.

"बघतोस काय? मार उडी!" मी काठावरच्या आमच्या भाकरीच्या गाड्यावरून, तव्यामागून ओरडले.

"एका संत्र्यासाठी शर्ट भिजवू? तूच ये ना. दोघं मिळून काढू."

"मी तव्यावर असते. तापलेले हात गार पाण्यात घातले की बोटं आखडतात. माहीत नाही?"

"माहीत आहे की!" तो हसला. एकाच गालाला खळी... मला राग यायला हवा होता. आला नाही.

मग ते रोजचंच झालं. तिखट-मीठ लावलेलं संत्रं माझ्यापुढे ठेवायचं आणि विचारायचं, "सुएमी, येतेस पोहायला?" मी मक्याचं पीठ माखलेले हात पुढे करायचे. "तवा तापलाय." तो हातांकडे जरा जास्तच वेळ बघायचा. "बरं... उद्या."

मला लहानाची मोठी करणारी फिलो मावशी शेजारी बसून भाकऱ्यांत घेवड्याचं सारण भरायची. ती म्हणायची, "या पोराला भूक फार लागते हल्ली. इतकं खाऊन बुडेल एक दिवस!"

शनिवारी तो संत्रं न आणताच आला.

"सोमवारी ओश्कुत्सकाबला, माझ्या गावी जातोय. संत्र्यांच्या बागेत तोडणी सुरू झाली, भाऊ बोलावतोय."

"परत येशील ना?"

"बघू..." त्याने कान खाजवला. "इथे माझं आहे तरी कोण?"

त्या दिवशी माझ्या हातून दोन भाकऱ्या करपल्या.

रविवारी मी मावशीला म्हटलं, "आज तवा तू सांभाळ." तिने हसू दाबलं आणि कमरेला फडकं खोचलं. मी सरळ विल्बर्टपुढे जाऊन त्याच्या मनगटावर हात ठेवले.

"बघ, गार आहेत. चल."

त्याचा चेहराच उतरला. "आज...?"

मी थांबलेच नाही. धावत जाऊन उडी मारली. वर आले, डोळ्यांवरचे केस सारले... तर हा शेवटच्या पायरीवर, लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळून, खांबासारखा उभा.

"विल्बर्ट! तुला पोहता येत नाही?"

"आमच्याकडे कुठले डोह! विहिरी, त्याही पाताळात..."

मला हसू यायला हवं होतं, पण आला राग. "म्हणजे मी येणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून विचारायचास? रोज? गंमत म्हणून?"

"नाही गं!" तो घाईघाईने म्हणाला. "विचारायचं दुसरंच होतं. त्याचा धीर होत नव्हता. हे विचारलं की निदान तू हात तरी पुढे करायचीस..."

आणि तो पाण्यात उतरला. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत... मग पायाखालची पायरी संपली. "सुएमी!" त्याने माझे दोन्ही हात घट्ट पकडले. छातीची धडधड पाण्यातूनही कळत होती. त्याची की माझी, देव जाणे.

"आता विचार ते दुसरं," मी म्हटलं.

"इथे? आत्ता?"

"नाहीतर सोडते हात."

"नको, नको! तोडणी संपली की... आईबाबांना घेऊन येतो तुमच्या घरी. पाव आणि चॉकलेट घेऊन... येऊ?"

आमच्याकडे पाव-चॉकलेट घेऊन मुलाचे आईबाप दारात येतात, ते मुलीला मागणी घालायलाच. माझे कान तापले.

वरून फिलो मावशीचा आवाज घुमला, "आधी पोहायला शिकव त्याला! बुडका जावई नको मला!"

कठड्यावरची सगळी माणसं खो-खो हसली. विल्बर्ट मात्र माझ्या तोंडाकडे बघत होता, श्वास रोखून.

"ये," मी म्हटलं. "आणि आता पाय हलव."