काळ्या प्लगांचा डबा

मोटारसायकलचा सिलिंडर उघडला, तेव्हा पिस्टन त्याला चिकटून बसला होता. फौजदार बाईंनी स्पार्क प्लग उजेडात धरला. खडूसारखा पांढरा.

शर्यतीत छोट्या गेला, तो याच इंजिनामुळे. उडीच्या उंचवट्याअलीकडच्या सरळ पट्ट्यावर, पूर्ण वेगात, मागचं चाक जखडलं. दवाखान्यात न्यायची गरजच उरली नाही.

"कार्ब्युरेटरचा जेट कुणी बदलला?"

"मीच." छोट्याचा मेहुणा गॅरेजचा मिस्त्री होता. त्याला कोठडीतून गॅरेजमध्ये आणलं होतं. "गाडी सारखी प्लग खायची. काळा, ओला प्लग म्हणजे पेट्रोल जास्त. म्हणून बारीक भोकाचा जेट घातला, की पेट्रोल कमी जाईल."

"इतका बारीक, की पेट्रोल कमी पडून प्लग पांढरा झाला, इंजिन तापून जाम झालं?"

"सरावात याच जेटवर पळत होती. प्लग पांढरा एकदाही निघाला नाही. आईशपथ."

"मग शर्यतीच्या दिवशी काय बदललं?"

"काहीच नाही."

दारात त्याची बायको उभी होती. "बाई, भाऊ तर गेला. आता यांनाही ठेवून घेणार?"

"जेट त्यांनीच घातला, ताई. माझ्या हातात सध्या तेवढंच आहे."

बाईंनी गाडीच्या बाजूचं झाकण काढलं. आत हवेच्या फिल्टरचा डबा. त्याच्या भिंतींवर जुन्या तेलाचा काळा, चिकट थर. मधला स्पंजचा फिल्टर मात्र स्वच्छ, मऊ, नुकता धुतलेला.

"फिल्टर कोण बघतं?"

"फिल्टर बाबांचा. पहिल्यापासून."

"शर्यतीआधी तुम्ही उघडून पाहिला नाही?"

"सासऱ्यांचं काम उघडून बघायचं? त्यांनी केलेल्या चहात साखर कमी असली तरी मी बोलत नाही, बाई."

कोणी हसलं नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर छोट्याचा म्हातारा बाप मान खाली घालून बसला होता. त्याच्या डोक्यावरच्या फळीवर बिस्किटांचा डबा होता. बाईंनी तो उघडला. आत निकामी प्लग, सगळे काळे, फडक्यात नीट गुंडाळलेले.

"हे कशाला जपलेत?"

"टाकवत नाहीत."

बाई त्याच्यासमोर बसल्या.

"बाबा, मी सांगते. चुकलं तर थांबवा. फिल्टरच्या डब्याच्या भिंतींवर एवढं तेल उडतं, ते फिल्टर तेलात बुडवून बसवला की. मग हवा अडते, पेट्रोल जास्त होतं, प्लग काळा पडतो. जावयाने दोष कार्ब्युरेटरला दिला आणि जेट बारीक केला. थबथबलेल्या फिल्टरला तो जेट चालून गेला. शर्यतीला तुम्ही फिल्टर धुऊन घातलात. हवा मोकळी झाली, पेट्रोल तेवढंच कमी राहिलं. इंजिन तापलं, जखडलं."

म्हाताऱ्याने बाईंच्या हातातला प्लगांचा डबा मांडीवर घेतला.

"कार्ब्युरेटरमधलं मला कळत नाही. एवढंच कळायचं, फिल्टर तेलात बुडवला की प्लग मरतो, गाडी बंद पडते. मग पोरगा शिव्या घालत, गाडी ढकलत घरी यायचा. जेवायचा."

"मग धुतलात कशाला?"

"म्हणाला, बाबा, ही शेवटची. एकदा तरी न थांबता पळू दे, मग गाडी विकतो. म्हटलं, पळू दे."

"जेट बदललाय, हे ठाऊक नव्हतं?"

"ते मला सांगायचे नाहीत. मीही सांगत नव्हतो."

"आणि जावयाला धरून नेलं तेव्हा?"

"लेकीला काय सांगणार होतो? तुझ्या भावाला मीच..."

बाईंनी शिपायाला खूण केली. मिस्त्रीच्या हातातली बेडी निघाली. तो तसाच उघड्या इंजिनाकडे बघत बसला. फिल्टरच्या झाकणाचे दोन स्क्रू काढायला किती वेळ लागतो, हे त्याला माहीत होतं.

"डबा नेणार?" म्हाताऱ्याने विचारलं.

"न्यावा लागेल."

"एखादा राहू द्या. यातला एकेक म्हणजे तो घरी आलेला दिवस आहे."

त्याने डबा छातीशी धरला होता. लेक दारातून आत आली. तिने तो त्याच्या हातांतून सोडवला आणि बाईंकडे दिला.