ताईंची शेवटची फेरी

दिवा जरा जवळ सरकवा, म्हणजे मला तुमचा चेहरा दिसेल. मी शिवणकाम करणारी बाई. टाके कापडाला घालते, गोष्टीला नाही. घडलं तसं सांगते.

आमच्या ताई सव्वीस वर्षं प्रभागाच्या नगरसेविका होत्या. मध्ये एकदा पडल्या, तर निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच तुंबलेल्या गटारापाशी हजर. मी म्हटलं, "ताई, आता कशाला?" त्या म्हणाल्या, "पद गेलंय गं, गटार कुठे गेलंय?" नवऱ्याने मला घराबाहेर काढलं, तेव्हा पोलीस ठाण्याच्या बाकावर तीन तास माझ्या शेजारी बसून राहिलेल्या त्या एकट्याच. तिथून मी त्यांच्याबरोबर राहिले, ती एकोणीस वर्षं. चार निवडणुका आम्ही दोघींनी दारोदार फिरून काढल्या. त्या पत्ता सांगायच्या, मी वहीत लिहून घ्यायचे. त्यांचा उजवा गुडघा कामातून गेलेला. एक पाऊल टाकायच्या, दुसरं ओढायच्या. पण जिना चढल्याशिवाय मत मागायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

त्या गेल्या आणि तीन आठवड्यांनी शोकसभा ठरली. तिची पत्रकं वाटायला मी त्या संध्याकाळी कामगारांच्या जुन्या चार मजली इमारतीत गेले. साडेसहा वाजत आले होते. वीज गेलेली. जिन्यात ओल्या चुन्याचा वास, आणि वर कुठेतरी पाणी टपकत होतं. टप... टप...

पहिल्या मजल्यावर मी कडीला हात लावायच्या आतच दार उघडलं. बेकरीवाल्याची बायको, कडेवर पोर.

"आले बाई, आले! किती ती घाई!"

"मी तर अजून वाजवलंच नाही."

"मग आत्ता कोण म्हणालं, खाली या, सगळे अंगणात या, म्हणून?" बोलता बोलता ती थांबली. आवाज कुणाचा होता ते तिला तेव्हा उमगलं असावं. ताईंच्या अंत्ययात्रेत ती माझ्या शेजारून चालली होती.

"तू पोराला घेऊन खाली थांब," एवढंच मी म्हटलं.

दुसऱ्या मजल्यावर तिन्ही दारं सताड उघडी. माणसं उंबऱ्यावर उभी, एकमेकांकडे बघत. आणि तेवढ्यात मला वास आला. गुडघ्याला चोळायच्या मलमाचा, उग्र, नाकात झोंबणारा. वरच्या जिन्यावर पाऊल वाजलं. एक टाकलेलं... एक ओढलेलं...

खोटं कशाला सांगू, पत्रकं हातातून सुटली. पळून जावं असंच वाटलं. पण मग मनात आलं, ही बाई जिवंतपणी कधी कामाशिवाय जिना चढली नाही, ती मेल्यावर कशाला चढेल?

मी कठडा धरून वर गेले. जिना रिकामा होता. तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा राहायचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, दृष्टी गेलेली, अंथरुणाला खिळलेले. ताई गेल्याचं सुनेने त्यांना सांगितलंच नव्हतं. धसका घेतील म्हणून.

"ताईंबरोबर आलीस ना?" त्यांनी माझ्या चाहुलीवरून विचारलं. "आत्ताच म्हणाल्या, आजोबा, तुम्हाला खुर्चीत बसवून न्यायला माणसं येतायत. टाकीचं काही खरं नाही."

सुनेने तोंडावर पदर दाबला.

गच्चीवरची टाकी! तिच्याखालचा स्लॅब खचलाय, म्हणून ताईंनी सहा वर्षं अर्ज केले होते. प्रत्येक अर्जाला उत्तर एकच, पाहणी करू.

मग मी ओरडले. आयुष्यात एवढ्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते. "सगळे खाली! सामान राहू दे! आधी माणसं!" दुसऱ्या मजल्यावरचे दोन भाऊ धावत आले. त्यांनी आजोबांना खुर्चीसकट उचललं. चौथ्या मजल्यावरची शिक्षिका तिच्या आईला धरून आधीच निम्मा जिना उतरली होती. तिचं दारही वाजलं होतं.

शेवटचा माणूस अंगणात आला आणि वरून कुणीतरी दात खावेत तसा आवाज झाला. पुढच्या क्षणी टाकी गच्चीतून खाली आली. चौथा, तिसरा, दुसरा. जिन्याचं नावनिशाण उरलं नाही. आजोबांची खाट होती तिथे नुसतं आभाळ दिसत होतं.

एकतीस माणसं, आणि एकालाही ओरखडा नाही. बेकरीवाल्याची बायको पोराला छातीशी धरून रडत होती. रडता रडता तिने त्या पडक्या जिन्याच्या दिशेने हात जोडले. मग आम्ही सगळ्यांनीच जोडले. भीती होती हो, पण पळालं कुणीच नाही. मेल्यावरही या बाईने आमचं दार चुकवलं नाही.

धूळ खाली बसते न बसते, तोच अग्निशमन दलाची गाडी वळणावर दिसली.

"इतक्या लवकर कसे आलात?" मी अधिकाऱ्याला विचारलं.

"लवकर कसलं? सहालाच फोन आला. वाटेत अडकलो." तो म्हणाला. "तुमच्यातल्याच कुणीतरी केला ना?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सहाला कुणाला काही ठाऊकच नव्हतं.

दोन दिवसांनी त्याने मला कार्यालयात बोलावलं. प्रत्येक फोनचं ध्वनिमुद्रण होतं तिथे. तो म्हणाला, आवाज ओळखता आला तर बघा.

ताईच होत्या. तोच खरखरीत, घाईचा आवाज. इमारतीचा पत्ता, मजले, घरटी माणसं, सगळं बिनचूक. मी डोळे पुसत ऐकत होते. शेवटी त्या कुणाला तरी म्हणाल्या, "ही इमारत झाली. पुढची घे."

आणि त्यांच्या अगदी शेजारून दुसऱ्या बाईचा आवाज आला.

"हो ताई. लिहून घेते. पत्ता सांगा."

अधिकारी माझ्याकडे बघत राहिला. तो आवाज माझा होता.

त्या दिवशी सहा वाजता मी घरी होते. एकटी, मशीनवर. ध्वनिमुद्रण तिथेच तुटतं. पुढे नुसती खरखर. अधिकाऱ्याने दिलेल्या प्रतीवर ती पन्नासदा ऐकली असेल मी, आणि प्रत्येक वेळी वाटतं की तिच्या आत कुणीतरी सावकाश, स्पष्ट, एक पत्ता सांगतंय...