टप्प्याटप्प्याने

तिला फक्त लॅपटॉप चार्ज करायचा होता.

डोळ्यांच्या हॉस्पिटलमधली ती मागची खोली. भिंतीत एकच प्लगपॉइंट, आणि त्यात आधीच खोचलेली एक मळकट वायर. पंख्याची असेल, असं म्हणत तिने ती खुशाल उपटली. लगेच बाहेर काउंटरवर एकच गलका उठला. नंबर गेले, अपॉइंटमेंट गेल्या, डोळ्यांत औषध घालून बसलेल्यांची नावंसुद्धा गेली! आणि एक तरुण धावत आला तो थेट दारातच अडकला, कारण हातातली ओली छत्री मिटायचं त्याला सुचलंच नव्हतं.

त्याने वायरकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नवी सिस्टीम कशी आणायची ते ठरवायला कुणी येणार होतं... त्या तुम्हीच का?"

"हो..."

"जुनी टप्प्याटप्प्याने बंद करायची असं ऐकलं होतं मी. तुम्ही तर एका झटक्यात –"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला तोंड उघडलं, तर हसूच फुटलं. तोही हसला. छत्रीचं पाणी टपटप तिच्या पायांवर पडत होतं आणि ते बराच वेळ दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्याला सगळे ठिगळ म्हणत. हॉस्पिटलची ही कॉम्प्युटर सिस्टीम त्याच्या आत्याने तरुणपणी लिहिलेली. आत्या निवृत्त झाली, आणि तेव्हापासून जिथे उसवेल तिथे हा दुरुस्ती करत आला. नावाचा त्याला राग नव्हता. "शिवण आत्याची," तो म्हणायचा, "मी नुसते टाके घालतो."

तिची ख्याती अगदी उलटी. कसलीही जुनीपुराणी सिस्टीम असो, ही चार टप्प्यांत ती बदलायचा आराखडा देणार म्हणजे देणार. नियम साधा होता. नवा भाग काही दिवस जुन्याच्या शेजारी चालवायचा, दोघांची उत्तरं जुळली की मगच जुना बंद करायचा. आराखड्यावर सही झाली की तिचं काम संपायचं; प्रत्यक्ष बदल हॉस्पिटलची माणसं करायची, आणि ती बॅग उचलून पुढच्या शहरात जायची. आजवर तिला याचं कधी काही वाटलं नव्हतं.

दुपारी दोघं त्या खोलीत शेजारी बसू लागली.

"हा भाग काय करतो?" तिने एकदा पडद्यावर बोट ठेवून विचारलं.

"माहीत नाही. पण काढला की सगळं कोसळतं."

"असं कसं? काहीतरी कारण असेल ना?"

"असतं काही काही..." तो पडद्याकडेच बघत म्हणाला. "कारण सांगता येत नाही, पण त्याच्याशिवाय चालत नाही."

त्याचे कान लाल झाले होते. तिने घाईघाईने पाण्याची बाटली उघडली आणि निम्मं पाणी ओढणीवर सांडून घेतलं.

आणि मग तिचे टप्पे वाढू लागले. चाराचे सहा झाले, सहाचे नऊ. फोनवर आईने विचारलंच, "अगं, हॉस्पिटल बांधून देतेस की काय त्यांना?"

"जोखमीचं काम आहे गं, आई," ती म्हणाली. ते खरंच होतं, फक्त जोखीम सिस्टीमला नव्हती.

पण ठिगळ मात्र तिच्या टप्प्यांच्या हात धुऊन मागे लागला! एका सकाळी उत्साहाने आला. "औषधांच्या साठ्याचा भाग मी साफ करून ठेवलाय. त्याला आता वेगळा टप्पा नको." दोन दिवसांनी आणखी एक टप्पा उडाला.

"एवढी कसली घाई झालीय तुम्हाला?" तिने विचारलं.

"तुमचा आराखडा लवकर मंजूर व्हावा, एवढंच."

एवढंच! त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही. तिला तो आवडला होता, मनापासून आवडला होता, आणि त्याला ती जायला हवी होती.

मंजुरीची मीटिंग हॉस्पिटलच्या प्रमुख असलेल्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत होती. त्यांनी आराखडा चाळला आणि चष्म्यावरून पाहिलं. "हॉलमधल्या नंबरच्या बोर्डाला दोन टप्पे? अहो, त्यावर नुसता आकडा येतो ना?"

तिने ठिगळकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता. काहीतरी भारदस्त बोलून वेळ मारून नेता आली असती, पण तिला कामात खोटं बोलता येत नव्हतं.

"एकही नको," ती म्हणाली. "ते मी... उगाच घातले होते."

तिने पेन घेतलं आणि स्वतःच्या हाताने एकेक जादा टप्पा खोडला. चार राहिले. मोठ्या डॉक्टरांनी सही केली. "चला, उद्यापासून तुम्ही मोकळ्या!"

ती मागच्या खोलीत आवराआवर करायला गेली. जुना कॉम्प्युटर घुमत होता. त्याची ती मळकट वायर जिथल्या तिथे होती, आणि तिच्या शेजारी एक कोरा करकरीत प्लगपॉइंट बसवलेला होता.

"सही झाली ना?" दारातून ठिगळचा आवाज आला.

"झाली की. तुम्हाला हवी होती ना..." ती बॅग आवरत राहिली. "आणि हा पॉइंट कशाला? माझं काम तर संपलं."

"म्हणूनच सकाळी बसवून घेतला. काम संपल्यावरही तुम्ही याल म्हणून." तो आत आला. "तुम्ही आत्याच्या सिस्टीमचा निकाल लावणार होता. त्याआधी मी काही बोललो असतो, तर लोक म्हणाले असते, जुनं वाचवायला ठिगळने बाईंना पटवलं. तुम्हालाही तसंच वाटलं असतं. म्हणून सहीची वाट बघत होतो... तर तुमचे टप्पे संपेचनात! मला वाटलं, माझ्या टाक्यांवर तुमचा भरवसाच नाही."

"भरवसा?" तिला हसावं की रडावं कळेना. "अहो, मला जायचं नव्हतं म्हणून वाढवत होते मी! बोर्डाला कधी दोन टप्पे लागतात का?"

तो बघतच राहिला. मग असा काही हसला, की तिचा सगळा राग कुठल्या कुठे पळाला.

"पण उद्या मी दुसऱ्या शहरात..." ती हळूच म्हणाली.

"मग नियम तुमचाच. घाईने काही बदलायचं नाही. तुमचं तिकडे, माझं इकडे, काही दिवस दोन्ही चालू ठेवू. रविवारी भेटू. उत्तरं जुळली की..."

"जुळली की?"

"आत्याला सांगू."

"काय सांगशील तिला?" तिने विचारलं, आणि 'तू' म्हटल्याचं लक्षात येऊन जीभ चावली.

"हेच, की एका मुलीने पहिल्याच दिवशी सगळं बंद पाडलं... आणि मला ती फार आवडते."

लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली होती. तरीही तिने चार्जर नव्या पॉइंटमध्ये खोचला आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.